उन्हापासून डिझेल: दोन शेफलर डिश, बारा म्हशी आणि दीड हजार अंश

तुमचा प्रश्न असा आहे. शिक्रापूरजवळच्या एका बंद पडलेल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील 16 चौरस मीटरच्या दोन शेफलर डिश (ऊन एका स्थिर बिंदूवर एकवटणाऱ्या आरशांच्या मोठ्या तबकड्या) तुम्हाला भंगाराच्या भावात मिळत आहेत. गोठ्यात बारा म्हशी आहेत, गोबरगॅसचे संयंत्र चालू आहे आणि दारात डिझेलवर चालणारा छोटा हत्ती उभा आहे. झुरिकच्या संशोधकांनी ऊन आणि हवा यांपासून विमानाचे इंधन बनवल्याचे तुम्ही पाहिलेत. तेव्हा या डिशवर निदान आपल्या गाडीपुरते डिझेल बनेल का, आणि पुढेमागे पुणे जिल्ह्यात याचा उद्योग उभा राहू शकेल का? पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर होकारार्थी देता येईल, मात्र तुम्ही पाहिलेल्या पद्धतीने तो उद्योग उभा राहील असे मला वाटत नाही. ही दोन्ही उत्तरे कशावरून देतो आहे ते सविस्तर लिहितो, कारण नुसते ‘नाही’ ऐकून माणूस दुसऱ्या विक्रेत्याकडे जातो.

आधी माझ्या अनुभवाची मर्यादा सांगतो. भोसरीत मी वीसहून अधिक वर्षे ऊन एकवटणाऱ्या आरशांचे काम करत आहे. डेअऱ्या, लॉन्ड्र्या, आश्रमशाळांची स्वयंपाकघरे यांना वाफ पुरवणाऱ्या यंत्रणा आम्ही बसवल्या, आणि गेली काही वर्षे सासवडच्या बाजूला एका लहान रिॲक्टरमध्ये बायोगॅसपासून सिनगॅस, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण, बनवण्याचे प्रयोग करत आहोत. म्हणजे 900 अंश सेल्सिअसपर्यंतचे चटके मी स्वतः खाल्ले आहेत. 1500 अंशांचे काम मी केवळ विजेच्या भट्टीत काही ग्रॅम नमुन्यांवर केले आहे. त्याबाबतचे माझे मत इतरांच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवर आणि माझ्या आकडेमोडीवर उभे आहे.

तुमच्या प्रश्नाच्या तळाशी जी खरी अडचण आहे ती उष्णता आणि तापमान यांतील फरकाची आहे. आपल्याकडे आरशांनी उष्णता मिळवण्याचा अनुभव कमी नाही. शिर्डीच्या संस्थानात स्वयंपाकासाठी वाफ करणाऱ्या 73 डिश आहेत, लातूरच्या महानंद डेअरीत 2006 साली ‘अरुण’ ही सुमारे 160 चौरस मीटरची डिश दूध पाश्चराइझ करण्यासाठी बसवली गेली, आणि अबू रोडला प्रत्येकी 60 चौरस मीटरच्या 770 डिशवर 1 मेगावॅटचे वीजकेंद्र उभे आहे. या सर्व ठिकाणी काम वाफेचे आहे, आणि वाफेला काही शे अंश पुरतात. इंधन बनवणाऱ्या रासायनिक क्रियांचे तसे नाही. तेथे ठरावीक तापमानाखाली काहीही घडत नाही. दोन डिश एकत्र केल्या तर उष्णता दुप्पट होईल. तापमान मात्र दुप्पट होत नाही.

तुमच्याच डिशचा हिशोब मांडतो. 16 चौरस मीटर हे आरशांचे क्षेत्रफळ झाले. डिश तिरकी उभी असल्याने सूर्याच्या समोर येणारे क्षेत्र सरासरी साडेअकरा चौरस मीटरच्या आसपास असते. चांगल्या दिवशी थेट ऊन 700 वॅट प्रति चौरस मीटर धरले आणि आरशांची चकाकी, धूळ, भटकलेली किरणे यांची वजावट केली, तर साधारण 6 किलोवॅट केंद्रबिंदूवर पोहोचतात. हा ‘बिंदू’ प्रत्यक्षात 40 सेंटिमीटर व्यासाच्या परातीएवढा असतो, म्हणजे प्रति चौरस मीटर 48 किलोवॅट झाले. आमच्या भाषेत याला पन्नास सूर्य म्हणतात. एक सूर्य म्हणजे 1 किलोवॅट प्रति चौरस मीटर. आता तापलेली वस्तू स्वतःही उष्णता बाहेर फेकते, आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. 48 किलोवॅटचे गणित 690 अंशांच्या आसपास संपते. त्या तापमानाला जेवढी उष्णता येते तेवढी परत जाते आणि कामासाठी एक वॅटही उरत नाही. 1500 अंशांना हे परत जाणे प्रति चौरस मीटर 560 किलोवॅट होते. म्हणजे पाचशे सूर्य एकवटले तरी ते तापमान गाठता येत नाही, हजार सूर्य एकवटले तर निम्म्याहून अधिक ऊर्जा परत जाते, आणि अडीच हजार सूर्यांवर हा तोटा बावीस-तेवीस टक्क्यांवर येतो.

शेफलर डिश त्यासाठी बनलेलीच नाही, आणि हा तिचा दोष नव्हे. केंद्रबिंदू जागचा हलू नये, म्हणजे स्वयंपाकी चुलीपाशी निवांत उभा राहू शकेल, यासाठी तिचा आकारच तडजोडीचा ठेवला आहे. ऋतूप्रमाणे दर काही दिवसांनी तिची चौकट हाताने वाकवून जुळवावी लागते. हजार-दोन हजार सूर्यांसाठी काटेकोर परवलयाकार डिश किंवा मनोरा आणि त्याभोवती शेकडो हेलिओस्टॅट, म्हणजे सूर्याचा माग घेत ऊन मनोऱ्यावर फेकणारे आरसे, लागतात. आकाशात सूर्य चार मिनिटांना एक अंश सरकतो आणि त्याचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे आहे. म्हणजे माग घेणारी मोटर दोन मिनिटे अडकली की प्रकाशाचा ठिपका स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला जातो, आणि रिॲक्टरच्या तोंडाऐवजी त्याच्या कडेवर पडतो. आमच्याकडे असा एक ठिपका तीन मिनिटांकरिता पोलादी चौकटीवर गेला होता. तेथे पडलेले बोट जाईल एवढे भोक मी मुद्दाम बुजवलेले नाही, नवीन मुलांना दाखवायला उपयोगी पडते.

आता झुरिकला नेमके काय करतात ते पाहू. त्यांच्या रिॲक्टरमध्ये सेरिया, म्हणजे सेरियम धातूचा ऑक्साइड असतो. चष्म्याची काच घासण्याच्या गुलाबी-तपकिरी पावडरीत हाच पदार्थ असतो. तो 1500 अंशांपर्यंत तापवला आणि भोवतालचा ऑक्सिजन काढून घेतला की तो स्वतःतला थोडा ऑक्सिजन सोडतो. नंतर त्याला 900 अंशांच्या आसपास आणून त्यावर वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडला, की तो सोडलेला ऑक्सिजन त्यांच्याकडून परत घेतो आणि मागे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड राहतात. सेरिया होता तसा होतो आणि पुढची फेरी सुरू होते. 2010 साली कॅलिफोर्नियातील कॅल्टेकच्या सोसिना हेले आणि विल्यम चुए यांनी झुरिकच्या आल्डो स्टाइनफेल्ड यांच्यासह हे केंद्रित प्रकाशावर करून दाखवले तेव्हा कार्यक्षमता 1 टक्क्याच्याही खाली होती. 2014 साली प्रयोगशाळेतील दिव्यांच्या प्रकाशावर पहिले थोडेसे केरोसीन निघाले. 2017 साली झुरिकच्या गटाने कार्बन डायऑक्साइडच्या विघटनात 5.25 टक्के गाठले. त्यानंतर माद्रिदजवळच्या मोस्तोलेस येथे 169 हेलिओस्टॅट आणि मनोरा वापरून सिनगॅसपासून केरोसीनपर्यंतची सगळी साखळी एकाच जागी चालवण्यात आली. तेथे रिॲक्टरची कार्यक्षमता 4.1 टक्के होती. तुम्ही पाहिलेले झुरिकच्या छतावरचे यंत्र हवेतूनच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेत होते, आणि सात तासांच्या दिवसात त्यातून सुमारे 32 मिलिलिटर मिथेनॉल निघे. ती कर्तबगारी खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण 32 मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे सहा-सात चमचे.

एवढे थोडे का निघते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सगळी मेख तेथे आहे. 1 किलो सेरिया एका फेरीत अवघा पाव मोलच्या आसपास वायू देतो, म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. त्या वायूत साठलेली ऊर्जा 65-70 किलोज्यूल भरते. पण तोच 1 किलो सेरिया 900 वरून 1500 अंशांना नेण्यासाठीच पावणेतीनशे किलोज्यूल लागतात, आणि पुढच्या पायरीसाठी त्याला पुन्हा 900 वर आणताना ती उष्णता वाया जाते. एक भजे तळायला आख्खी कढई तापवावी, भजे काढावे, कढई पाण्यात बुडवून गार करावी आणि दुसऱ्या भज्यासाठी पुन्हा चुलीवर ठेवावी, असा हा प्रकार आहे. 1 लिटर केरोसीनपुरता वायू मिळवण्यासाठी 1 किलो सेरियाला अशा सातशेच्या आसपास फेऱ्या घालाव्या लागतील, तेही पुढच्या टप्प्यांत काहीच वाया गेले नाही तर. गार होणाऱ्या सेरियाची उष्णता तापणाऱ्या सेरियाला कशी द्यायची, हा या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे, आणि मोस्तोलेसचे 4.1 टक्के अशी कोणतीही परतफेड न करता मिळालेले आहेत. हे ज्या दिवशी टिकाऊपणे सुटेल, त्या दिवशी माझे मत मी बदलीन.

तोवर आजच्या आकड्यांवर किती इंधन मिळेल? अगदी राजस्थानसारखे ऊन धरू, म्हणजे वर्षाला प्रति चौरस मीटर 2000 युनिट. आरशांकडून रिॲक्टरपर्यंत निम्म्याहून थोडे अधिक पोहोचेल, त्यातले 4 टक्के वायूत जातील आणि वायूचे द्रव होताना आणखी मोठा वाटा गळेल. माझ्या हिशोबाने सूर्याच्या समोर येणाऱ्या प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला 3 लिटर निघतील. तुमच्या दोन्ही डिशचे मिळून असे क्षेत्र 23 चौरस मीटर होते; त्यांच्या जागी तेवढेच काटेकोर आरसे आणि मोस्तोलेसचा रिॲक्टर बसवला असे मानले, तरी वर्षाला 70 लिटर हाती येतील. छोटा हत्ती त्यावर बाराशे-तेराशे किलोमीटर धावेल.

तेवढ्याच जागेत साधे सौर पॅनेल बसवले तर 4 किलोवॅटची यंत्रणा होते आणि पुणे परिसरात दिवसाला सरासरी 16 युनिटच्या आसपास वीज मिळते. विजेवर चालणारी तेवढीच गाडी त्यात रोज शंभरएक किलोमीटर जाईल. म्हणजे जे अंतर उन्हाच्या डिझेलवर वर्षभरात कापाल ते विजेवर दोन आठवड्यांत होते. मी स्वतः आरसे विकणारा माणूस आहे, तरीही शिक्रापूर ते मार्केटयार्ड अशा फेऱ्यांसाठी विजेची गाडी हेच उत्तर आहे हे मला लिहावे लागते. द्रव इंधनाची गरज उरते ती विमानांना आणि लांब पल्ल्याच्या जहाजांना. 1 किलो केरोसीनमध्ये 43 मेगाज्यूल ऊर्जा असते आणि 1 किलो लिथियम बॅटरीत साधारण 1 मेगाज्यूल. लोहगावहून उडणारे विमान हा फरक विजेच्या मोटरच्या चांगल्या कार्यक्षमतेने भरून काढू शकत नाही.

येथे कोणी जाणकार हरकत घेईल की मग आरसे हवेतच कशाला, पॅनेलच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून त्याचेच केरोसीन करावे. ही हरकत रास्त आहे. 20 टक्क्यांचे पॅनेल आणि त्यापुढे 65-70 टक्क्यांचे इलेक्ट्रोलायझर धरले तर 13-14 टक्के हायड्रोजनमध्ये आणि शेवटी सात-आठ टक्के द्रव इंधनात, एवढे आजच्या यंत्रांनी जमण्यासारखे आहे. शिवाय पॅनेल ढगाळ दिवशीही थोडेफार चालतात. आरशांना केवळ थेट ऊन लागते. ढगांतून किंवा धुरकटातून विखरून आलेला प्रकाश कितीही लख्ख दिसला तरी तो एकवटता येत नाही. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या विघटनात सेरियाला या पॅनेलशी झुंजायचे आहे, आणि पॅनेल दरवर्षी स्वस्त होत आले आहेत. म्हणून आरशांनी आपली उष्णता जेथे थेट उष्णता म्हणूनच लागते तेथे द्यावी, असे माझे मत बनले आहे.

आता कार्बनकडे वळू, कारण इंधनाच्या चर्चेत ऊन सर्वांना दिसते आणि कार्बन कोणालाच दिसत नाही. 1 लिटर केरोसीनला अडीच किलो कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन लागतो. हवेत तो दहा हजारांत चार भाग एवढाच असतो. म्हणजे एका लिटरसाठी तीन हजार घनमीटरहून अधिक हवा शेवटच्या कणापर्यंत गाळावी लागेल. आपल्या भागात मात्र कार्बन रोज आपसूक बाहेर पडतो आहे. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबताना प्रत्येक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. दिवसाला 60 हजार लिटरच्या डिस्टिलरीत तो 45 टन भरतो. त्याच आवारात स्पेंट वॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) आणि प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) यांपासून बायोगॅस तयार होतो. बायोगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो, आणि बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो डायऑक्साइड गाडीत भरायचा सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबलेला बायोगॅस, करणारे पैसे खर्च करून वेगळा काढतात. आम्हाला तो तसाच हवा असतो.

कारण मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निकेलच्या उत्प्रेरकावरून 850 ते 900 अंशांना नेली की सरळ सिनगॅस मिळतो. यालाच रिफॉर्मिंग म्हणतात. खत कारखाने आणि रिफायनऱ्या हे नैसर्गिक वायूवर अनेक दशके करत आहेत. फरक इतकाच की क्रियेला लागणारी उष्णता मिळवण्यासाठी ते आणखी वायू जाळतात. ती उष्णता आरशांनी दिली तर सगळा मिथेन इंधनात जातो, आणि सिनगॅसमध्ये मूळ मिथेनपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक ऊर्जा असते. हे पंचवीस टक्के ऊन आहे. ‘सौर इंधन’ म्हणून मिरवणाऱ्या या मार्गात चार पंचमांश ऊर्जा उसाची किंवा म्हशीची असते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण 900 अंशांना परत जाणारी उष्णता प्रति चौरस मीटर 107 किलोवॅटच असते, म्हणजे हजार सूर्यांवर 11 टक्के. मिश्रधातूच्या नळ्या या तापमानाला टिकतात. आणि सेरियासारखे वरखाली तापवणे-थंडावणे नाही, क्रिया एकाच तापमानाला अखंड चालते. झुरिकच्या प्रयोगशाळेतूनच निघालेल्या सिनहेलिऑन या कंपनीने जर्मनीतील युलिश येथे जून 2024 मध्ये जो पहिला औद्योगिक नमुना प्रकल्प सुरू केला, त्यासाठी तिनेही बायोगॅसचा मार्ग निवडला. सेरिया जवळून पाहिलेल्या लोकांनी पहिले पाऊल कोठे टाकले, हे पाहण्यासारखे आहे.

हा मार्ग सोपा आहे असे कोणी समजू नये. आमच्या पहिल्या रिॲक्टरला प्रकाश आत घेण्यासाठी क्वार्ट्झची जाड खिडकी होती. बसवण्यापूर्वी एका मुलाने ती हातमोजे न घालता पुसली. पहिल्या दिवशी काहीच दिसले नाही. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या मधोमध अंगठ्याचा ठसा दुधाळ पांढऱ्या रेषांत उमटला, एकेक वळी मोजता येईल इतका स्पष्ट. घामातल्या सोडियममुळे क्वार्ट्झ त्या तापमानाला स्फटिक बनू लागते. पाचव्या दिवशी थंड होताना खिडकी नेमकी त्या ठशातून तडकली. तेव्हापासून खिडकीला हात लावण्याआधी अल्कोहोलने पुसणे आणि सुती मोजे घालणे हा आमच्याकडे देवघराइतका कडक नियम आहे. दुसरे नुकसान हायड्रोजन सल्फाइडने केले. स्पेंट वॉशच्या गॅसमध्ये तो भरपूर असतो. तो शोषणाऱ्या लोहाच्या गोळ्या संपल्याचे एका शनिवारी कोणाच्या लक्षात आले नाही, आणि सोमवारपर्यंत निकेलचा उत्प्रेरक निकामी झाला. आपल्याकडे या उद्योगाचा कस आरशांपेक्षा गॅसच्या सफाईत लागेल, असे मी म्हणतो ते यामुळे.

पुण्याच्या उन्हाबद्दल दोन शब्द. जून ते सप्टेंबर आरशांचे काम जवळजवळ बंद असते, आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात सकाळचे धुरकट चाकण-भोसरीच्या पट्ट्यात थेट ऊन बरेच खाते; सासवड किंवा इंदापूरकडे परिस्थिती बरी आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात वर्षाला प्रति चौरस मीटर 3000 युनिटहून अधिक थेट ऊन पडते, दक्षिण स्पेनमध्ये 2000 च्या आसपास. पुण्याची त्यांच्याशी तुलना करून प्रकल्प मांडणारा सल्लागार मिळाला तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. परंतु एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असतो, आणि आपले उत्तम ऊनही याच महिन्यांत असते. ज्या दिवसांत बगॅस, प्रेसमड, वाफ आणि माणसे कारखान्याच्या आवारात हजर असतात त्याच दिवसांत आरसेही चालतात. स्पेनच्या प्रयोगाला हा योग नाही. पावसाळ्यात गॅस थेट सीबीजी म्हणून विकावा, म्हणजे यंत्रणा पडून राहिली तरी कारखान्याचे उत्पन्न थांबत नाही.

सिनगॅसचे द्रव कसे होते याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो भाग शंभर वर्षांपूर्वीचा आहे. जर्मनीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी 1925 च्या सुमारास कोळशाच्या वायूपासून ही क्रिया साधली आणि दक्षिण आफ्रिकेची सॅसोल कंपनी ती मोठ्या प्रमाणावर चालवत आली आहे. कोबाल्टचा उत्प्रेरक, 20-30 बार दाब, दोनशे ते अडीचशे अंश, आणि हायड्रोजनचे प्रमाण कार्बन मोनॉक्साइडच्या दुप्पट. बाहेर पडते ते थेट डिझेल नसून मेणापासून नॅफ्थापर्यंतचे मिश्रण असते, आणि ते रिफायनरीतच सुधारावे लागते. या मार्गाच्या इंधनाला विमानासाठी 2009 पासून निम्म्यापर्यंत मिसळण्याची मान्यता आहे. ग्राहक शोधण्याची अडचणही कमी होत आहे. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज कंपनीने अल्कोहोलपासून बनवलेल्या इंधनाचा अंश होता, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 मध्ये 1, 2028 मध्ये 2 आणि 2030 मध्ये 5 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. प्राजच्या मार्गात आरसे नाहीत, हे ओघाने सांगायला हवे. अल्कोहोलचा मार्ग आज आपल्यापुढे आहे आणि सौर मार्गाला त्याच्या शेजारी जागा मिळवावी लागेल.

म्हणजे आतापर्यंतचा हिशोब असा की सेरियाचा मार्ग तुमच्या हयातीत कदाचित येईल, पण तो वाळवंटातल्या मोठ्या मनोऱ्यांचा असेल; पुणे जिल्ह्यात उद्योग करायचा तर तो डिस्टिलरीच्या कुंपणाला लागून, बायोगॅसवर, 900 अंशांचा आणि गाळपाच्या महिन्यांचा असावा. त्यालाही जमीन किती सपाट मिळते, कारखान्याचा गॅस आधीच कोणाला विकला गेला आहे का, आणि रिफायनरी ते मेणकट तेल कोणत्या भावाने घेते, यावर सगळे अवलंबून राहील. एकट्या शेतकऱ्याने यात घरचे पैसे घालू नयेत. अंगणात सिनगॅस बनवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आमच्याकडे गळती सांगणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशाला अडकवलेले असते.

आता तुमच्या डिशकडे परत येतो. तुमच्या गोबरगॅसचे उत्पन्न डिसेंबर-जानेवारीत घटत असेल, कारण जिवाणूंना 35 अंशांच्या आसपासची ऊब लागते आणि शिक्रापूरच्या थंडीत शेण-पाण्याचा काला अठरा-वीस अंशांनाच आत जातो. बारा म्हशींचे रोजचे शेण 180 किलोच्या आसपास धरा आणि पाणी तेवढेच. शेणात गार पाण्याऐवजी 54-55 अंशांचे पाणी कालवले तर काला 36 अंशांचा होतो. त्यासाठी रोज साडेसात युनिट उष्णता लागते, आणि तुमच्या डिशची एक तबकडी चांगल्या उन्हात प्रत्यक्ष पाण्याला 5 किलोवॅट सहज देते. म्हणजे दीड तासाचे ऊन पुरे. पाणी सकाळी दहा-साडेदहानंतर तापवा, तापमापी लावल्याशिवाय ओतू नका, कारण साठच्या वरचे पाणी एका जागी पडले तर तेथले जिवाणू मरतात. घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर घातलात तर रात्रीची ऊबही टिकेल. डिश उचलण्यापूर्वी आरशांच्या पाठीचा रंग सुटला आहे का ते पाहा. कडेने काळे डाग आत सरकत असतील तर चांदीचा थर गेला आहे आणि भंगाराचा भावही जास्त होईल. आणि दीड तासच काम असल्यामुळे एकच डिश घ्या.